घड्याळवालं की कारंजावालं

निवड करण्याचं स्वातंत्र्य हाच माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा ठेवा होय, असं बारावीच्या गुणगौरव सोहळ्यात प्रमुख पाहुणे म्हणाले. हे वाक्य बाबुराव ढगेपर्यंत पोचलं नाही. त्याचा डावा कान एकोणीस वर्षांच्या यंत्रमागांनी खाल्लेला होता आणि उजव्या कानाशी सभागृहाचा उभा पंखा फिरत होता. त्याला एवढंच दिसलं, की पाहुण्यांनी दोन्ही हात दोन दिशांना फैलावले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानंही वाजवल्या. त्याच्या सुवर्णाला एक प्लॅस्टिकची फाइल, एक पेन आणि पाहुण्यांचा फोटो छापलेली वही मिळाली. त्यातली फाइल उपयोगाची निघाली. पुढच्या आठवड्यात तिच्यात दोन माहितीपुस्तकं शिरली आणि ढग्यांच्या घरातली झोप गेली.

ढगे मूळचे हिंगोलीकडचे. आता तापीकाठच्या गुजराती शहरात, कोसाडच्या सरकारी वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत राहत होते. बाबुराव तापीपलीकडं वेड रोडच्या एका खात्यात दहा साचे चालवायचा. साचा म्हणजे यंत्रमाग आणि खातं म्हणजे मागांचा कारखाना, बँकेतलं नव्हे. त्याची बायको पुष्पाबाई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. धाकटा भाऊ दत्तू पर्वत पाटियाच्या कापड बाजारात पार्सलं उचलायचा. त्याच्या उजव्या हाताला तीनच बोटं असल्यामुळं तो पार्सल डाव्यानं धरायचा आणि उजव्यानं नुसता टेकू द्यायचा. हे तिघं मिळून सुवर्णाला इंजिनियर करणार होते. तिघांपैकी एकानंही इंजिनियर जवळून पाहिलेला नव्हता. लांबून पाहिलेले सगळे इंजिनियर खात्यात येऊन मोटार बंद करून निघून गेले होते.

सुवर्णाचा गुणवत्ता क्रमांक असा होता, की सरकारी कॉलेज हाताला लागत नव्हतं आणि संगणक शाखा सुटत नव्हती. अशा मधल्या क्रमांकाच्या मुलांसाठी शहराच्या दोन टोकांना दोन खासगी विद्यापीठं उभी होती, एक हजीऱ्याच्या रस्त्याला आणि दुसरं कडोदऱ्याच्या बाजूला. दोन्हींची नावं लांबलचक होती आणि दोन शेठांच्या दोन आयांवरून ठेवलेली होती. ती लक्षात राहीनात म्हणून पुष्पाबाईनं फोटो पाहून नावं पाडली. एकाच्या दरवाज्यावर मोठं घड्याळ होतं, ते घड्याळवालं. दुसऱ्याच्या दारात कारंजं होतं, ते कारंजावालं.

बाकी फरक नव्हता. अभ्यासक्रम तोच. दोन्हीकडं सहामजली काचेची इमारत. दोन्ही माहितीपुस्तकांच्या पहिल्या पानावर चार मुलं एका लॅपटॉपकडं बघून हसत होती, आणि दत्तूच्या मते त्यातली दोन तीच होती. दोन्हीकडं शंभर टक्के नोकऱ्या लागत. कोसाडपासून दोन्हीकडं बस सव्वा तासाची. फीसुद्धा सारखीच होती, आणि ही खरी पंचाईत झाली. आजवर ढग्यांच्या घरात काय घ्यायचं ते पैशानं ठरायचं, माणसाला डोकं चालवावं लागत नसे. शिष्यवृत्ती आणि पुष्पाबाईची भिशी मिळून फी भागणार होती, म्हणून या वेळी पैशानंही अंग काढून घेतलं.

“क्रम लावायचा आहे, पप्पा,” सुवर्णा म्हणाली. “एक नंबरला कोणतं, दोन नंबरला कोणतं. शनिवारी पाचपर्यंत लॉक करायचं. एकदा लॉक केलं की संपलं. मग काही बदलता येत नाही.”

“अन् न्हाई केलं तर?”

“मग नाव लिस्टमध्येच येणार नाही.”

“अन् चुकीचं केलं तर?”

सुवर्णा नखं खाऊ लागली. पुष्पाबाईनं खड्यांच्या डिंकात बुडवलेली काडी तशीच हवेत धरली.

“दोन्ही सारखीच हायत की,” दत्तू म्हणाला. “डोळे मिटून बोट ठेव.”

सारखीच हा शब्द निघाला आणि बाबुराव उठून दाराशी गेला. अकरा वर्षांपूर्वी दत्तूला गावाहून आणलं तेव्हाही हाच शब्द होता. एका बोळात समोरासमोर दोन खाती होती. साचे सारखे, पाळी सारखी, शेठ एकमेकांचे चुलतभाऊ. बाबुरावनं डावीकडचं निवडलं, कारण तिथल्या माठातलं पाणी गार होतं. तिसऱ्या महिन्यात दत्तूची दोन बोटं साच्याच्या दातेरी चाकात गेली. त्यानंतर बाबुरावनं कुठली म्हणून निवड केली नाही. भाजीसुद्धा पुष्पाबाई आणायची. दुकानदारानं दोन शर्ट पुढं टाकले, की तो तिसऱ्याच दुकानात जायचा.

“तूच सांग ना पप्पा,” सुवर्णा म्हणाली. “मला भीती वाटते.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“मला तरी काय कळतंय?”

एवढ्यावर बुधवार संपला.

गुरुवारी खात्यात बाबुरावचं लक्ष लागेना. दहा साच्यांमध्ये येरझारा घालताना तो कुठला धागा तुटला हे कानानं नव्हे तर पायानं ओळखायचा. साचा अडला की फरशीची थरथर बदलते. त्या दिवशी चार नंबरचा साचा अडून उभा राहिला आणि त्याला कळलंच नाही. मुकादम चेतन समोर येऊन उभा राहिला. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खात्यातली माणसं ओठ बघून बोलतात. चेतनच्या ओठांवर आधी आई आली, मग बहीण आली. मग त्यानं विचारलं, काय झालं?

बाहेर पाण्याच्या टाकीजवळ बाबुरावनं सांगितलं.

“मग त्यात काय,” चेतन म्हणाला. “खातं बघतो तसं बघ. गेटवर जाऊन उभा राहा.”

बाबुरावला हे आधी सुचलं नव्हतं याचीच लाज वाटली. नव्या खात्यात लागण्याआधी कारागीर पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभा राहतो. आत जात नाही, कुणाला विचारत नाही. विचारलं तर माणसं खोटं बोलतात. नुसती बाहेर पडणारी माणसं बघायची. हाताला फडकी किती, चेहरे कसे, बोलत बाहेर पडतात की मुकाट, चहाच्या टपरीवर थांबतात की सरळ घर गाठतात. शंभर माणसं बघितली की खातं कळतं. दत्तूच्या वेळीही बाबुराव दोन्ही फाटकांवर असाच उभा राहिला होता आणि दोन्हीकडं सगळ्यांची बोटं जागेवर होती. म्हणजे रीत एकदा फसली होती. पण दुसरी रीत त्याच्याकडं नव्हती.

“आजची उरलेली पाळी अन् उद्याचा खाडा पाडतो,” तो म्हणाला.

“पाड. पण शनिवारी आला नाहीस तर तुझे साचे ओडिया कारागिराला देईन. वाट बघतोय तो.”

साडेचार वाजता बाबुराव घड्याळवाल्याच्या दारात पोचला. हजीऱ्याकडं जाणारे ट्रक रस्त्यावरून धुरळा उडवत होते. उकाड्यानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि केसांत खात्यातली तंतूंची पांढरी बुरशी तशीच होती. तो फाटकासमोर, गुलमोहराखाली, दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला. पाळी पाचला सुटत असणार असा त्याचा अंदाज होता.

पहारेकऱ्यानं दहा मिनिटं बघितलं आणि आला.

“लेबर का गेट पीछे है.”

“मेरेको लेबर गेट नहीं होना.”

“फिर क्या होना?”

याचं उत्तर बाबुरावकडं मराठीतही नव्हतं. “देख रहा हूँ,” तो म्हणाला.

“क्या देख रहा है? लड़कियाँ?”

बाबुरावच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “मेरी लड़की है,” तो म्हणाला, आणि ती आत नाही, अजून कुठंच नाही, हे सांगायचं राहिलं. पहारेकऱ्यानं काठीनं रस्त्याची पलीकडची बाजू दाखवली. बाबुराव पलीकडं गेला आणि कचराकुंडीशेजारी उभा राहिला. तिथून फाटक अधिक चांगलं दिसत होतं.

पाचच्या सुमारास माणसं बाहेर येऊ लागली. बाबुराव मोजत राहिला. हात सगळ्यांचे धड होते, ते ठीक. पण चेहरे? तरणी पोरं मान खाली घालून येत होती. प्रत्येकाबरोबर एक वडीलधारं माणूस, बहुतेक इथले मास्तर असणार. त्यांचे चेहरे तर पोरांहून वाईट. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एक जाड चष्म्याचे, चौकडीचा शर्ट घातलेले गृहस्थ फाटकाबाहेर येऊन थांबले, रुमालानं मानेचा घाम पुसला, मागं वळून इमारतीकडं बघितलं आणि पुन्हा घाम पुसला. एक मुलगी पायरीवर बसून रडत होती आणि तिच्या शेजारची बाई तिला पाणी देण्याऐवजी स्वतःच पीत होती. चहाच्या टपरीवर कुणी थांबलं नाही. टपरीवाला रिकामा बसून माश्या हाकत होता.

सहा वाजता बाबुराव आकडा घोकत बसमध्ये बसला.

“त्रेचाळीस माणसं बघितली,” तो घरी आल्यावर म्हणाला. “त्यातली एकोणचाळीस भ्यालेली.”

“भ्यालेली म्हणजे?” पुष्पाबाईनं विचारलं.

“म्हणजे भ्यालेली. ज्या खात्यात शेठ मारतो त्या खात्यातून माणसं कशी येतात, तशी. चार वर्षं आत काय करतेत काय की लेकरांना.”

सुवर्णानं फोन हातात घेतला आणि कारंजावालं वर, घड्याळवालं खाली केलं. मग जेवताना तिला वाटलं, की इतका कडक अभ्यास असेल तर तेच चांगलं असणार. तिनं पुन्हा घड्याळवालं वर केलं. पुष्पाबाई म्हणाली, “आधी जेव.” तिनं जेवून पुन्हा खाली केलं.

शुक्रवारी बाबुराव सुवर्णाला आणि दत्तूला घेऊन कारंज्यावाल्याकडं गेला. सुवर्णाला यायचं नव्हतं. बापानं फाटकाबाहेर उभं राहून माणसं मोजायची, आणि उद्या त्याच फाटकातून आपण आत जायचं, ही कल्पना तिला सोसत नव्हती. ती दहा पावलं लांब, ओढणीनं तोंड बांधून उभी राहिली. तापीच्या या शहरात तोंड बांधलेली मुलगी कुणी ओळखत नाही, ही त्यातल्या त्यात सोय होती.

कारंजं चालू होतं. त्याच्या तुषारांनी पहारेकऱ्याची खुर्ची ओली झाली होती, म्हणून तो उभा होता आणि चिडलेला होता. पण दत्तूनं जाऊन त्याला तंबाखू दिली, गाव विचारलं, आणि तिघांना सावलीत जागा मिळाली.

“दादा, तू असाच उभा ऱ्हायलतास ना माझ्या वक्ताला?” दत्तूनं तंबाखू मळत विचारलं. तीन बोटांच्या तळव्यावर तो अंगठा सफाईनं फिरवायचा.

“गप्प बस की.”

“न्हाई, म्हणलं विचारावं.”

माणसं बाहेर येऊ लागली आणि बाबुराव मोजू लागला. तेच चेहरे. तीच खाली घातलेली मान, छातीशी धरलेल्या फायली, मुकाट चाल. एक मुलगा चालता चालता पुटपुटत होता. त्याच्या बरोबरचा म्हातारा मास्तर त्याच्या पाठीवर हात फिरवत होता आणि स्वतःही तेच पुटपुटत होता.

“हितंबी तेच हाय,” बाबुराव म्हणाला.

आणि मग फाटकातून ते बाहेर आले. जाड चष्मा, चौकडीचा शर्ट. त्यांनी थांबून रुमालानं मान पुसली, मागं वळून इमारतीकडं बघितलं आणि पुन्हा मान पुसली.

बाबुरावनं दत्तूचा दंड घट्ट धरला. “हा मास्तर काल तिकडं व्हता.”

“मग आज हिकडं कामून?”

“म्हणजे दोन्ही एकाचीच असतील. एकच शेठ.”

दत्तूला भीती कमी आणि कुतूहल जास्त. तो सरळ जाऊन उभा राहिला. “ओ साहेब, तुम्ही काल हजीऱ्याच्या रोडला व्हता का?”

गृहस्थ दचकले. मराठी ऐकून आणखी दचकले. “होतो. का हो? काही चुकलं का माझं?”

त्यांचं नाव सुरेश पाटणकर. अडाजणला राहत, एका बँकेत अधिकारी. मास्तर नव्हते. मुलगा निखिल गाडीत कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याला संगणक शाखा हवी होती आणि त्याचा क्रमांक सुवर्णाच्या आसपासचाच होता. सुरेशरावांनी चौघांना लिंबूसरबत सांगितलं आणि न विचारता फाइल उघडली. आत मोठ्या कागदावर दोन्ही विद्यापीठांचा तक्ता होता. एकोणीस रकाने. प्राध्यापकांच्या पदव्या, प्रयोगशाळा, ग्रंथालय, स्वच्छतागृह, वाहनतळ. प्रत्येकाला दहापैकी गुण.

“बेरीज बघा,” सुरेशराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. “एकशे एकतीस. आणि इकडे?”

“एकशे एकतीस,” सुवर्णानं वाचलं.

“तीनदा केली. बँकेत बावीस वर्षं झाली मला. बेरीज चुकत नाही. काल रजनी, म्हणजे आमची ही, म्हणाली उपाहारगृहाचा एक गुण कमी करा. केला. तर इकडच्या प्रसाधनगृहात नळ गळत होता. परत सारखंच.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “चार वर्षं आहेत हो पोराची. चुकलं तर कुणाला तोंड दाखवू? तुम्ही कशावरून बघताय?”

बाबुराव आधी लाजला. मग त्यानं सांगितलं. पाळी सुटायची वेळ, चेहरे, हात, टपरी. सुरेशराव नीट ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला.

“अहो, पण कॉलेज बंद आहे.”

“आँ?”

“सुट्टी चालू आहे. ऑगस्टात उघडेल. आत एकही विद्यार्थी नाही. ही जी माणसं तुम्ही पाहिलीत ना, ती सगळी आपल्यासारखीच. बघायला आलेली. ते मास्तर नव्हते, ते बाप होते.”

रस्त्यावरून एक सिमेंटचा टँकर गेला. दत्तू हसू लागला होता, पण भावाच्या तोंडाकडं बघून थांबला. सुवर्णानं ओढणी नाकावर आणखी वर ओढली. दोन दिवस, एक पूर्ण पाळी, एक अर्धी पाळी घालवून बाबुरावनं जी भ्यालेली माणसं मोजली होती ती सगळी त्याच्यासारखीच होती.

“मला धरलंत का त्यात?” सुरेशरावांनी विचारलं.

“धरलं.”

“कशात?”

“भ्यालेल्यांत.”

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडं.”

सुरेशरावांनी सरबताचा पेला खाली ठेवला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. “काल एकूण किती?”

“त्रेचाळीस. भ्यालेली एकोणचाळीस.”

“आज?”

“चाळीस झाली. छत्तीस.”

त्यांनी फोनवर भागाकार केला. “घड्याळवालं नव्वद पूर्णांक सात. कारंजावालं नव्वद.” हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रक्त आलं. तक्त्याच्या कडेला त्यांनी पट्टीनं विसावा रकाना आखला, वर लिहिलं ‘पालकांची मनःस्थिती’, आणि कारंज्यावाल्याला एक गुण जास्त दिला.

बाबुराव बघत होता. बँकेच्या साहेबानं लिहून घेतलं म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं त्याला वाटलं. सुरेशरावांना वाटलं, की हा माणूस इतकी वर्षं माणसं पारखतो आहे, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. दोघांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले आणि दोघंही जरा बऱ्या मनानं घरी गेले. कारंजावालं एक नंबर, असं ठरलं.

ते शनिवारी सकाळपर्यंत टिकलं.

सकाळी सुवर्णाच्या मैत्रिणीनं, स्वातीनं, फोन करून सांगितलं की कारंज्यावाल्याचं मागच्या वर्षीचं म्हणे काहीतरी वाईट होतं. काय होतं ते तिला माहीत नव्हतं, आणि त्यामुळं ते जास्त वाईट वाटलं. सुवर्णानं क्रम उलटा केला. दुपारी तिनं तो सुलटा केला. दोन वाजल्यानंतर तिला नक्की आठवेना की वर काय आहे, आणि बघायला फोन उघडला की हात आपोआप बदलायचा. चार वाजता ती रडायला लागली.

“चल,” पुष्पाबाई म्हणाली. “तुझ्या पप्पाकडं जाऊ. तसंबी मला साड्या द्यायच्याच हायत.”

ठेकेदाराकडं पाचच्या आत चाळीस साड्या पोचवायच्या होत्या. तिनं गठ्ठा कडेवर घेतला, दत्तूला फोन करून बोलावलं, आणि मायलेकी तापीवरचा पूल ओलांडून वेड रोडला आल्या. साडेचारला खात्यातून चहाची सुट्टी होते. दहा मिनिटं. बाबुराव बाहेर आला तेव्हा टपरीसमोर सगळं घर उभं होतं. त्याला वाटलं कुणीतरी गेलं.

“पप्पा, तूच सांग,” सुवर्णा म्हणाली. खात्याच्या भिंतीतून मागांचा खडखडाट येत होता, म्हणून ती ओरडून बोलत होती आणि टपरीवरची आठ-दहा माणसं ऐकत होती. “शेवटचा अर्धा तास राहिलाय.”

“ठरलं व्हतं की काल. कारंजावालं.”

“स्वाती म्हणते ते खराब आहे.”

“मग दुसरं.”

“ते पण तुलाच खराब वाटलं होतं ना!”

बाबुरावनं तिच्या हातातल्या फोनकडं बघितलं. पडद्यावर एक निळं बटण होतं. त्याच्या बोटांना सुताच्या कडांनी बारीक चिरा पडलेल्या होत्या. त्यानं तर्जनी पुढं केली आणि ती मधेच थांबली. तो दत्तूच्या हाताकडं बघत होता.

“मला न्हाई जमायचं,” तो म्हणाला. “माझ्या हाताला यश न्हाई. एकदा केलंय म्या वाटोळं.”

“मग मी दाबते,” सुवर्णा म्हणाली. “नापास झाले तर माझ्यावर राहू दे. तुझ्यावर नको.”

“तुझ्यावर कामून? तू लेकरू हायस.”

“दादा,” दत्तू म्हणाला, “एक सांगू का? चिडू नको.”

“आता काय?”

“त्या समोरच्या खात्यात, ज्याच्यात तू मला लावलं न्हाई, तिथं त्या साली तिघांची बोटं गेली. एकाचा तर पंजा.”

बाबुरावला वाटलं डाव्या कानानं ऐकलं. त्यानं उजवा पुढं केला. “कोण म्हणतंय?”

“म्हणायला कशाला पायजे. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटांवर व्हते तिघं.”

“अन् अकरा वर्षं बोलला न्हाईस?”

“बोललो असतो तर तू दर रविवारी मला मटण घातलं असतंस का?”

टपरीवरचा एक जण हसला. बाबुराव हसला नाही. तो भावाकडं असा बघत राहिला की त्याला मारावं की त्याच्या गळ्यात पडावं हेही आता निवडावं लागणार होतं. “म्हणजे माझं चुकलं नव्हतं?”

“चुकलं व्हतंच की. पण तिकडं गेलो असतो तरी तेच चुकलं असतं.”

यावर विचार करायला बाबुरावला निदान एक आठवडा लागला असता. आतून चेतननं शिट्टी मारली. चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. सुवर्णा एक बोट बटणाच्या वर धरून उभी होती आणि ते बोट खालीही येत नव्हतं, वरही जात नव्हतं.

पुष्पाबाईनं गठ्ठा या कडेवरून त्या कडेवर घेतला. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. बुधवारपासून तिनं त्या चाळीस साड्यांना खडे लावले होते आणि तेवढ्या वेळात या तिघांनी एक बटण दाबलं नव्हतं.

“आण हिकडं,” ती म्हणाली. तिनं फोन घेतला आणि अंगठ्यानं दाबला. अंगठ्याला वाळलेला डिंक होता, म्हणून फोनला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं पुन्हा दाबला. खात्री आहे का, असं फोननं विचारलं. तिनं तेही दाबलं.

“मम्मी!” सुवर्णा किंचाळली. “वर कोणतं होतं?”

“मला काय ठाऊक? तू लावलं व्हतंस ना.”

चौघांची डोकी फोनवर वाकली. क्रमांक एक, घड्याळवालं. क्रमांक दोन, कारंजावालं. खाली कुलपाचं चित्र होतं.

बाबुरावच्या कपाळावरून घाम आणि त्याबरोबर तंतूंचा एक पांढरा धागा खाली आला. सुरेशरावांचा विसावा रकाना, नव्वद पूर्णांक सात, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

“झालं ते झालं,” पुष्पाबाई म्हणाली. “मला पाचच्या आत पोचायचंय, ठेकेदार दार लावून घेतो.” ती गठ्ठा सावरत निघालीसुद्धा. बाबुराव आत गेला तेव्हा त्याचे दोन साचे अडून उभे होते आणि त्यांच्याशेजारी ओडिया उभा होता.

यादी लागायला नऊ दिवस होते. ते नऊ दिवस ढग्यांच्या घरात सुतक असल्यासारखे गेले. जागा मिळेल की नाही याची भीती होती आणि मिळेल याचीही होती. दहाव्या दिवशी निरोप आला: घड्याळवालं. सुवर्णाला पहिल्याच फेरीत जागा मिळाली होती. त्या शाखेत निम्म्या जागा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या, पण हे कुणी कळवत नसतं. निखिलला कारंजावालं मिळालं. त्या दिवशी सुरेशरावांनी फोन करून, आपल्या तक्त्यामागं न गेल्याबद्दल, बाबुरावची दबक्या आवाजात विचारपूस केली. एखाद्या आजारी माणसाची करतात तशी.

सप्टेंबरात त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांना तक्त्यात ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा रकाना भरायचा होता. बाबुरावनं फोन सुवर्णाकडं दिला.

“गणिताला कोण आहेत तुम्हाला?” सुरेशरावांनी विचारलं. “निखिलचे सर फार उत्तम आहेत म्हणे. उंच, टकलू, निळ्या स्कूटरवर येतात.”

“आमचे पण,” सुवर्णा म्हणाली.

ते सर सोमवार, बुधवार, शुक्रवार घड्याळवाल्यात शिकवतात आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार कारंज्यावाल्यात.